अर्धा इंच कमी

बायको गेल्यावर भाड्याचं घर सोडून दादा आठ दिवसांसाठी म्हणून आला होता, त्याला आता चार महिने होऊन गेले होते. त्याच्याबरोबर आलेली पुस्तकांची अकरा खोकी मात्र पहिल्या दिवशी जिथं ठेवली तिथंच होती. खिडकीखाली, दोरीनं करकचून बांधलेली. ठमीच्या डोळ्यांत ती रोज सलायची. एक तर खोलीची पार रया गेली होती. आणि दुसरं म्हणजे, ज्याला राहायचं असतं तो माणूस खोकी सोडतो, एवढं न कळण्याइतकी ती भोळी नव्हती.

ठमी ही दादाची धाकटी बहीण, वय वर्षं अठ्ठावन्न. हे नाव दादानंच ठेवलेलं, आणि त्या नावानं हाक मारणारा आता तोच एकटा उरला होता. नवरा जाऊन सहा वर्षं झाली होती. एका फर्निचरच्या दुकानात ती सोफ्याच्या गाद्यांना खोळी शिवायची, आणि दिवसभर दुसऱ्यांची घरं सजवूनही हौस फिटत नाही म्हणून घरी येऊन स्वतःचं घर हलवत बसायची. टेबल घ्यायचं मनात आलं की आधी टेबलाएवढे वर्तमानपत्राचे कागद कापून जमिनीवर चिकटवायची आणि आठवडाभर त्यांना वळसा घालून चालायची. आठवडाभरात चिडचिड झाली नाही तर टेबल पास. दादा बिचारा चुकून कागदावर पाय ठेवायचा आणि स्वयंपाकघरातून आरोळी यायची, "अरे, टेबलावर काय चढतोस!"

दादाचं वेड वेगळं. जन्मभर पोस्टात शिक्के मारले, पण मन कायम तीनशे वर्षं मागं नांदणारं. वहिनी पोळ्या लाटायची आणि हा स्वयंपाकघराच्या दारात स्टूल टाकून तिला तह आणि वेढे वाचून दाखवायचा. दर पानाला विचारायचा, "ऐकतेस ना?" वहिनी गेली त्या दिवसापासून त्यानं एक पुस्तक उघडलं नव्हतं.

आणि पंधरा दिवसांपूर्वी ते पत्र आलं. दादानं कधीतरी गुपचूप वृद्धाश्रमात नाव नोंदवलं होतं. तिथं एक खोली रिकामी झाली होती. महिन्याच्या शेवटच्या शनिवारपर्यंत काय ते कळवा, असं व्यवस्थापकांनी लिहिलं होतं.

"तुझ्यावर ओझं नको, ठमे," पत्र खिशात ठेवत दादा म्हणाला.

"मी कधी म्हटलं ओझं म्हणून?"

"तू म्हणणार नाहीस. म्हणून तर."

ठमीला राग आला आणि रडूही आलं. पण राहा म्हणून विनवण्या करणं तिच्या स्वभावात नव्हतं. मग तिला जे येतं ते तिनं केलं. दादा फिरायला गेल्यावर भिंत मोजली, एका खोक्याची दोरी सोडून त्यातला सगळ्यांत उंच ग्रंथ मोजला, आकडे एका चिठ्ठीवर लिहिले, आणि दोरी पुन्हा होती तशी बांधली. दुसऱ्या दिवशी चिठ्ठी दुकानातल्या सुताराच्या हातात दिली.

मुदतीच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी दुपारी सुतार कपाट घेऊन दारात हजर. काम देखणं होतं. पॉलिश असं की तोंड दिसावं.

"हे कशाला?" खुर्चीतून दादानं विचारलं.

"भिंत ओकीबोकी दिसत होती."

ठमीनं मोठ्या उत्साहानं पहिलं खोकं सोडलं आणि जाडजूड इतिहासाचा पहिला खंड कप्प्यात ठेवायला गेली. जाईना. तिरका केला, तरी जाईना. दुसरा खंड, तिसरा खंड, सगळ्यांची तीच तऱ्हा.

सुतारानं खिशातून चिठ्ठी काढली. "ताई, बारा इंच लिहिलंय. तुमचंच अक्षर आहे बघा."

ठमीनं टेप लावली. ग्रंथ साडेबारा इंच भरला. तिनं कपाळावर हात मारला. "अगं बाई! मी खोळ बेतली!"

गादीपेक्षा खोळ नेहमी अर्धा इंच कमी बेतायची, म्हणजे ती ताठ बसते. तीस वर्षं हेच केलेल्या हातानं चिठ्ठीवरही अर्धा इंच कापला होता. कापड ताणून घेता येतं, लाकूड थोडंच ताणतंय! सुतार तोंड फिरवून हसला.

दादा हसला नाही. "राहू दे गं," तो म्हणाला. "तसंही..." आणि त्याचा हात खिशातल्या पत्राकडे गेला.

त्या 'तसंही'चा अर्थ ठमीला बरोबर कळला. पण ती हट्टाला पेटली. "राहू दे काय? आडवी ठेवते!" म्हणून तिनं भराभरा पुस्तकं रचायला घेतली. निळी निळ्यांजवळ, लाल लालांजवळ, मोठी खाली आणि लहान वर. दुकानातल्या खिडकीत मांडावं तसं.

दादा खुर्चीतून बघत होता. शेवटी त्याला राहवलं नाही.

"ठमे, हे काय चालवलंयस?"

"का? छान दिसतंय की."

"अगं, आजोबाच्या आधी नातू जन्माला घातलास! वरच्या कप्प्यात तह झालासुद्धा, आणि खालच्या कप्प्यात लढाई अजून सुरू व्हायचीय."

"निळ्याशेजारी निळं शोभतं."

"शोभतं म्हणे! जन्माचे वैरी आहेत ते. मांडीला मांडी लावून बसवलंस त्यांना!"

गुडघे कुरकुरले तरी दादा उठला आणि थेट जमिनीवर बसला. उरलेल्या खोक्यांच्या दोऱ्या त्यानं स्वतःच्या हातानं सोडल्या. पुस्तकं बाहेर येऊ लागली. एक लावायचं, एक उघडायचं, असं करता करता एका पानावर त्याचं बोट थांबलं. "हा वेढा बघ. नऊ महिने चालला. किल्ल्यातलं मीठसुद्धा संपलं होतं. आणि मग... ऐकतेस ना?"

शब्द तोंडातून निसटले आणि त्यानं पानात बोट ठेवून पुस्तक मिटलं.

"ऐकतेय," ती म्हणाली. "मीठ संपलं. पुढं?"

दादानं चष्मा काढून पुसला, परत घातला, आणि पुढचं सांगितलं.

सुतार बिचारा ताटकळला होता. "काका, फळ्या वर सरकवून देऊ का? सगळ्यांत वरचा कप्पा तेवढा बुटका होईल."

दादानं टेप मागून घेतली. "साडेबारा नको, साडेतेरा ठेवा. पुस्तक काढायला वर बोटं शिरली पाहिजेत. आणि या आठ खंडांच्या शेजारी वीतभर जागा मोकळी सोडायची."

"तिथं मी फुलदाणी ठेवीन," ठमी म्हणाली.

"फुलदाणी नको. अजून नववा आणि दहावा खंड यायचाय."

"कधी?"

"लिहिणारा सावकाश आहे. तीन वर्षांनी एक."

ठमीनं मनातल्या मनात बेरीज केली. सहा वर्षं. तिनं जमिनीवरच्या दोऱ्या गोळा केल्या, आपली मोठी कात्री घेतली, आणि चिंधीसुद्धा वाया न घालवणाऱ्या त्या बाईनं दोऱ्यांचे बोट-बोटभर तुकडे केले.

"अगं, चांगली दोरी होती की," दादा म्हणाला.

"होती," ठमी म्हणाली, आणि कापत राहिली.