अडतीस खणांचा संगणक

मी एक जुना संगणक आहे. मळकट पांढरी पत्र्याची पेटी, पुढं एक गोल बटण, मागं धूळ धरलेला पंखा. आज मी सुरू आहे, म्हणून तुमच्याशी बोलू शकतो. पण मित्रांनो, मागच्या वैशाखात मी नऊ दिवस बंद पडलो होतो. त्या नऊ दिवसांत माझी जी चिडचिड झाली, ती कुणापुढं तरी बोलून टाकल्याशिवाय मला चैन पडायचं नाही.

माझे भाग कुठल्या कुठल्या देशांत बनले, मला ठाऊक नाही. जोडणी मात्र हुबळीच्या एका गाळ्यात झाली. तिथून मी एका सिमेंट कारखान्याच्या हजेरी खात्यात गेलो. सहाशे कामगारांची नावं मला पाठ होती. खंडेनवमीला माझ्यावर झेंडूचा हार पडायचा, साहेब पाहुण्यांना मुद्दाम मला दाखवायला आणायचे. आठ वर्षांनी नवे संगणक आले आणि मी जिन्याखाली गेलो. शिपाई माझ्या डोक्यावर ओली छत्री ठेवायचा. एवढी माणसं रोज जिना चढायची-उतरायची, पण मला बटण आहे हे कुणाच्या ध्यानातही नव्हतं.

जुन्या सामानाच्या विक्रीत मला चन्नव्वानं घेतलं आणि मी गुळेदगुड्डला आलो. गुळेदगुड्डचा खण तुमच्या आई-आजीच्या चोळ्यांना लागतो, तेव्हा गावाचं नाव तुम्ही ऐकलं असेल. चन्नव्वा तिथल्या विणकरांच्या सोसायटीत टंकलेखन करते. सासर सुटल्यावर ती माहेरी परत आली. घरात थोरला भाऊ इरण्णा आणि वडिलांचे धाकटे भाऊ संगप्पा कक्का. बायकापोरांत न रमलेला, साठ वर्षं मागावर बसलेला हा माणूस. अख्ख्या गावात जुन्या नक्षीचा जाणकार तोच. पण काचबिंदूनं त्याचे दोन्ही डोळे गेले होते, आणि त्यानं चौकटीच्या कागदांवर जन्मभर काढून ठेवलेल्या नक्ष्या एका पावसाळ्यात वाळवीनं खाल्ल्या.

तेव्हा चन्नव्वानं मला कामाला लावलं. ती गावभर फिरून म्हाताऱ्या बायकांच्या पेट्यांतले जुने खण मागून आणायची. कक्का तो खण मांडीवर घ्यायचे आणि बोटांनी वाचायचे. कुठला धागा वर आहे, कुठला खाली. “तीन उचल, दोन सोड, एक उचल,” असं ते सांगत जायचे आणि चन्नव्वा माझ्या पडद्यावर एकेक चौकट काळी करायची. एका नक्षीला दोनशे चाळीस ओळी. हत्तीचं पाऊल, रथ, तुळस, जोंधळ्याचं कणीस. तीन वर्षांत सदतीस नक्ष्या माझ्या पोटात गेल्या. कारखान्यात मी सहाशे माणसं सांभाळली, पण इतकं मोलाचं काही माझ्याकडं कुणी ठेवलं नव्हतं.

घाईचं कारणही होतं. साखरेच्या आजारानं कक्कांची बोटं बधिर होत चालली होती. गरम चहाचा पेला हातात धरला तरी तो गरम आहे हे त्यांना उशिरा कळायचं. उजवा हात आधी गेला. डाव्या हाताची दोन बोटं तेवढी शाबूत होती, आणि त्या दोन बोटांवर अडतिसावा खण चालला होता.

भर दुपारची वेळ. गल्लीच्या खांबावर वायरमन चढला होता. त्यानं कुणाला काही सांगितलं नाही. वीज गेली, आली, पुन्हा गेली, आणि तिसऱ्यांदा आली ती असा हिसका देऊन की घरातला दिवा एकदम पांढरा पडला. मला आत काहीतरी चटका बसल्यासारखं झालं. मग अंधार.

मित्रांनो, यापुढं जे झालं ते सांगताना माझा पंखा अजून जोरात फिरतो. चन्नव्वानं बटण दाबलं. माझा पंखा अर्धा फेरा फिरला आणि थांबला. तिनं पुन्हा दाबलं. पुन्हा अर्धा फेरा. त्या संध्याकाळी तिनं चाळीसदा तरी बटण दाबलं असेल. तार बदलली, भिंतीतली प्लगची खाच बदलली, शेजारच्या घरातून लांब वायर ओढली. पडदा काळा तो काळाच. मला माझं दुखणं माहीत होतं. मेंदूजवळ ज्या छोट्या नळकांड्या आहेत, वीज साठवून सारखी करून देणाऱ्या, त्यांतल्या काही निकामी झाल्या होत्या. मी उठायला लागलो की त्या हात टेकायच्या. पण हे सांगू कसं? माझी सगळी बोली पडद्यावरची, आणि पडदाच मुका.

इरण्णानं येऊन माझ्या पाठीत दोन थपडा मारल्या. शेजारी म्हणाले, उन्हानं तापला असेल, ओलं फडकं घाला. नशीब, चन्नव्वानं ते फडकं माझ्या जवळ येऊ दिलं नाही. मग भावा-बहिणीचं जुंपलं. दोन वर्षांपूर्वी तिनं त्याला वीज गेल्यावर चालणारी बॅटरी आणायला सांगितलं होतं, तो पुढच्या महिन्यात म्हणाला होता. उलट तो विचारत होता की सोसायटीत शिकलेली एवढी हुशार बाई, तिनं सगळं एकाच डब्यात कसं ठेवलं.  एक प्रत काढून ठेवायची असं ती दर रविवारी म्हणायची आणि दर रविवारी हातातला खण अर्धा राहिलेला असायचा.

कक्का मांडीवर खण घेऊन नुसते बसून होते. तिसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, “झालं का गं सुरू?” तेव्हा ती त्यांच्यावरच उखडली. “सुरू झालं तर मी सांगणार नाही का? सारखं काय विचारता?” मग ती आत जाऊन चुलीपुढं रडली. मी हे सगळं ऐकत होतो आणि एक ओळ लिहून दाखवू शकत नव्हतो.

चौथ्या दिवशी तिनं मला वाकळेत गुंडाळलं, बसमध्ये मांडीवर घेतलं आणि बागलकोटला नागराजच्या दुकानात नेलं. नागराज तरुण, हुशार, पण सदा घाईत. त्यानं मला टेबलाखाली ढकललं. तिथं मी तीन दिवस पडून होतो. माझ्यावर त्यानं जेवणाचा डबा ठेवला. चन्नव्वाचे फोन आले की तो म्हणायचा, बघतोय, चालू आहे काम. त्यानं माझा एक स्क्रूसुद्धा काढला नव्हता.

सातव्या दिवशी ती स्वतः येऊन उभी राहिली, तेव्हा कुठं त्यानं मला उघडलं. आत एक नजर टाकली. माझी चकती, जिच्यात नक्ष्या होत्या, ती काढून आपल्या संगणकाला लावायला गेला, तर तिची रुंद जुनी पट्टी त्याच्या नव्या संगणकात कुठंच बसेना.

“अक्का, ही पट्टी आता कुठं मिळत नाही. बोर्ड गेलाय. चकतीपण गेली असणार.”

“असणार म्हणजे? बघितलं का तुम्ही?”

“बघायला लावता तर आलं पाहिजे ना. माझं ऐका, भंगारात घाला. नवा घ्या, दोन दिवसांत लावून देतो.”

“आणि आतलं?”

“आतलं विसरा.”

मी आतून ओरडत होतो, की चकती ठणठणीत आहे, तिला काही झालेलं नाही. कोण ऐकणार? चन्नव्वानं त्याच्याशी वाद घातला नाही. तिनं सगळे स्क्रू हातरुमालात बांधून घेतले, मला पुन्हा वाकळेत घातलं. परतीच्या बसमध्ये तिचे हात माझ्या पत्र्यावर होते, आणि मला वाटलं, ही आता मला खिडकीतून फेकून देईल. फेकलं असतं तरी मी तिला दोष दिला नसता.

घरी इरण्णा म्हणाला की उद्या भंगारवाला गल्लीत येणार आहे, जागा तरी मोकळी होईल. तो वाईट माणूस नाही. बहिणीला रोज त्या काळ्या पडद्यापुढं बसलेलं त्याला बघवत नव्हतं. पण बोलायचं कसं हे त्याला कधी जमलं नाही.

तेव्हा कक्का तिसऱ्या दिवसानंतर पहिल्यांदा बोलले. “देण्याआधी मला एकदा हात लावू दे.”

“कक्का, ही काय चोळी आहे का?” चन्नव्वा थकली होती. “नागराजला डोळे असून दिसलं नाही.”

“त्याला वेळ नव्हता. मला काय काम आहे?”

तिनं मला जमिनीवर ठेवलं. वायर काढलेलीच होती, तरी तिनं बटण दाबून धरलं, म्हणजे आत उरलेली वीज निघून जाते. मग पत्रा उघडून कक्कांचा डावा हात माझ्या छातीत ठेवला. त्यांची ती दोन बोटं माझ्यावरून फिरायला लागली. आडव्या ओळीत, डावीकडून उजवीकडं, मग खालची ओळ. खण वाचतात तशीच. पाऊण तास गेला. चन्नव्वा भिंतीला टेकून डोळे मिटून बसली होती.

“इथं काय आहे गं? लहान डबे उभे केल्यासारखं?”

“असतील काहीतरी.”

“नऊ आहेत. पाचांचं डोकं सपाट आहे. चारांचं फुगलंय. भाकरी फुगते तसं.”

ती उठली. दिवा जवळ आणला, मान वाकडी करून बघितलं. इतकी बारीक फूग होती की ठाऊक नसेल तर दिसायची नाही. तिनं स्वतःचं बोट लावून बघितलं आणि मग कक्कांचा हात तसाच धरून ठेवला.

“इरण्णा, दावलसाबला बोलाव,” ती म्हणाली.

दावलसाब नदाफ बाजारात रेडिओ आणि टीव्ही दुरुस्त करतात. संगणकाला त्यांनी कधी हात लावला नव्हता. त्यांनी चष्मा पुसून आत पाहिलं आणि म्हणाले, “हे तर कपॅसिटर. टीव्हीत रोज बदलतो. कुणी शोधलं?” कक्कांकडं बोट दाखवल्यावर त्यांनी पुन्हा वाकून त्या चार डोक्यांवरून स्वतःचं बोट फिरवलं. मग म्हणाले की हमी देत नाही, पण प्रयत्न करतो. तसेच चार नवे त्यांनी दुसऱ्या दिवशी बागलकोटहून आणले आणि कथलाच्या धुरात चारही बदलले.

नववा दिवस. चन्नव्वानं बटण दाबलं. माझा पंखा फिरला, आणि फिरतच राहिला. मला केवढा आनंद झाला. पण पडदा काळाच, आणि माझ्या तोंडून फक्त एक लांब पीं, पीं, पीं. इतके दिवस मुका होतो, वाचा फुटली तर ही अशी. चन्नव्वानं कपाळाला हात लावला. इरण्णा म्हणाला, आता रडतोय तो. फक्त दावलसाब कान देऊन ऐकत होते. काहीतरी मागतोय, म्हणाले. त्यांनी माझी स्मरणाची पट्टी उपसली, तिचे सोनेरी दात खोडरबरानं घासले आणि पुन्हा खटकन बसवली. एवढंच हवं होतं मला. बसच्या हिसक्यानं ती सैल झाली होती.

पडदा उजळला. माझ्या घड्याळाची बारकी बॅटरी संपली होती, त्यामुळं मी माझ्या जन्मसालातली तारीख दाखवली आणि कुठलंतरी बटण दाबा म्हणून अडून बसलो. मग चकती तपासायला सुरुवात केली. एक टक्का, दोन टक्के. कुणीही जागचं हललं नाही. दुपारचं जेवण झाकून ठेवलेलं तसंच राहिलं.

सदतीस नक्ष्या धडधाकट निघाल्या. अडतिसावी, जी वीज गेली तेव्हा उघडी होती, तिच्या दोनशे चाळीसपैकी एकशे एक्कावन्न ओळी राहिल्या. पुढचं सगळं गेलं होतं.

चन्नव्वाला आनंद व्हायला हवा होता. तिला रागच आला. नऊ दिवसांचा साठलेला राग. “ही तेवढी का नाही वाचली?” असं ती मलाच विचारत होती. कक्का म्हणाले, “खण आहे की माझ्या मांडीवर. घे लिहून.” आणि त्यांनी बोटं ठेवली. बराच वेळ ठेवली. मग दुसऱ्या जागी ठेवली.

“कळत नाही गं,” ते म्हणाले. “परवा तुझ्या यंत्रात कळलं, ते डबे मोठे होते. धागा नाही कळत आता.”

मग कक्कांनीच तिला शेजारी ओढलं, खण तिच्या मांडीवर पसरला आणि तिचं बोट हातात धरून धाग्यावर ठेवलं. “डोळे मीट.”

“मला दिसतंय की कक्का.”

“जुना खण डोळ्यांना फसवतो. रंग उडालेला असतो. मीट डोळे.”

तिनं मिटले. खूप वेळानं ती म्हणाली, “दोन उचल?”

“मला पाठ आहे ही ओळ. पुन्हा बघ.”

“तीन. तीन उचल. मग... दोन सोड.”

“बरोबर. आता तू वाचणार, तर लिहिणार कोण?”

चन्नव्वा डोळे उघडायला तयार नव्हती. इरण्णा उठला, माझ्यापुढं बसला आणि एका बोटानं चौकटी काळ्या करू लागला. पहिल्याच ओळीत त्यानं दोन चुका केल्या. पण मित्रांनो, त्याच्या त्या जाड बोटाचा मला मुळीच राग आला नाही. ती ओळ पुरी व्हायला वीस मिनिटं लागली. एकोणनव्वद ओळींना पुढचे सव्वा दोन महिने लागले.

आता माझ्या शेजारी बॅटरी आहे. दर रविवारी नक्ष्यांची एक प्रत चन्नव्वा सोसायटीच्या कपाटात ठेवते, एक दावलसाबच्या दुकानात. मला पुसा, धूळ झटका, वीज गेली की माझी वायर काढा, हे तर मी सांगेनच. पण माझी खरी विनंती वेगळी आहे. माझ्यावर फार विसंबू नका. मी पत्र्याची पेटी आहे, एक दिवस पुन्हा बंद पडणार, आणि तेव्हा कुणी कक्का हात फिरवायला असेलच असं नाही. तुमच्याकडं जे मोलाचं असेल ते माझ्यात जरूर ठेवा. त्याची एक प्रत दुसरीकडं ठेवा. आणि ज्या माणसाकडून ते तुम्हाला मिळालं, त्याच्या शेजारी बसून, तो आहे तोवर, स्वतः थोडं शिकून घ्या.