चाकांवरचं जोतं

आमचं घर दहा फूट बाय सात फूट होतं. त्यात आम्ही तिघं राहायचो. मी, आई आणि दादा. दादा म्हणजे माझे वडील, जालिंदर गवंडी. तीस वर्षांत संगमनेर तालुक्यात आपण किती बंगले बांधले हे त्यांना आठवत नसे, पण प्रत्येक बंगल्याचं न्हाणीघर आठवे. कारण ते आमच्या घरापेक्षा मोठं असे.

खरं तर ती पत्र्याची पानटपरी. पानवाला गाव सोडून गेला तेव्हा दादांनी ती घेतली, उंची वाढवली, आतून फळ्या मारल्या. पुढं दोन पावसाळे भिंतींना काताचा वास येत होता. एवढ्या घरात राहायचे काही नियम असतात. रात्री तिघांनी एकाच कुशीवर झोपायचं. कूस बदलायची झाली तर दादा "हं" म्हणायचे आणि आम्ही तिघं एकदम वळायचो. पाहुणा आला की मी बाहेर. दोन आले की आईपण बाहेर. रुसून तोंड फिरवायची सोय नव्हती, भिंतीला नाक लागायचं. म्हणून आम्ही भांडायला रस्त्याच्या कडेला जायचो आणि कुणाची बाजू खरी ते येणारे-जाणारे सांगायचे.

घराला चार चाकं होती, जुन्या मळणीयंत्राची. ती कधीच फिरली नाहीत. पण आमच्या गावात रस्त्याकडेच्या प्रत्येक टपरीला चाकं असत. चाकं असली की ते अतिक्रमण नाही, नुसती उभी करून ठेवलेली वस्तू, असा कायदा गावात सगळ्यांना पाठ होता. तो कुठल्या पुस्तकात आहे हे कुणी पाहिलं नव्हतं. सायकलदुकानवाल्या काकासाहेबांनी तर एका टपरीला खेळण्यातल्या गाडीची चाकं बसवली होती.

शहाण्णव सालच्या मार्चमध्ये पंचायतीच्या फळ्यावर कागद लागला. रस्ता रुंद होणार. पंचायतीच्या वहीत ज्या घरांना नंबर आहे त्यांना गायरानात अर्धा गुंठा जागा. बाकीच्यांनी आपापल्या वस्तू उचलाव्यात, नाहीतर ट्रॅक्टरला साखळी लावून उचलल्या जातील. मोजणी पंधरा तारखेला.

दादा मला घेऊन ग्रामसेवकाकडे गेले. ग्रामसेवक मार्तंड भाऊसाहेब वाईट माणूस नव्हता. बसा म्हणाला. आमच्या घरी त्याला बसवायला जागा नव्हती, हे त्यानं मनात ठेवलं नव्हतं.

"जालिंदर, नंबर घराला देतात," तो म्हणाला. "घर म्हणजे जोतं, भिंत, छप्पर. तुझं जोतं कुठंय?"

"चाकं हायेत, भाऊसाहेब."

"चाकं असली तर ती वस्तू."

"मग काढतो चाकं. जोतं बांधतो."

"विचारल्याशिवाय बांधलंस तर अतिक्रमण. रस्तेवाले तोडतील, वर केस."

"मग तुमाला इचारून बांधतो."

"मला परवानगी द्यायची तर आधी घराला नंबर पाहिजे."

मी म्हणालो, "भाऊसाहेब, आमी जमिनीपासनं वीतभर वर तरंगत राह्यलो तर कुठल्या वहीत बसतो?"

भाऊसाहेब हसला नाही. वही मिटून हळूच म्हणाला, "मी गुरुवारी, चौदाला घरं बघायला येतोय. मला जोतं दिसलं, तर दिसलं म्हणून लिहीन."

दादांना त्या वर्षी खोकला फार होता. नगरच्या सिव्हिलमधल्या डॉक्टरांनी छातीत तीस वर्षांची धूळ बसलीय, आता काम बंद, असं सांगितलं होतं. दादांची काळजी एकच होती, आणि ती ते झोपताना, आम्ही एका कुशीवर असताना सांगायचे. "मी काय आज हाय, उद्या न्हाई. हिला जागा पायजे. वस्तूत ऱ्हाणाऱ्या बाईला कुनीबी हलवतं."

त्यांनी बेत केला. टपरीच्या भोवती, चाकं झाकून, दोन फूट उंचीचं जोतं रचायचं. पण विटा मातीत लावायच्या, वरून चुना. भाऊसाहेब गुरुवारी आला की जोतं दिसेल, नंबर मिळेल. रस्तेवाले त्याच्या आधीच टपकले, तर चार लाथा घालायच्या, विटा पाडायच्या आणि चाकं दाखवायची. दोन्ही कायद्यांत एकदम राहायचं.

"आन् दोघं एकदम आले तर?" आईनं विचारलं. माझी आई चांगुणाबाई. ती फार बोलत नसे, पण बोलली की बेत बिघडायचा.

"सरकारी मानसं कुटं एकदम येत्यात व्हय?" दादा म्हणाले.

राधाकृष्ण ठेकेदाराकडून जुन्या विटा आणल्या. दादा पत्र्याच्या डब्यावर बसून काम करायचे. चार विटा, मग खोकला, मग चार विटा. मी हात लावायला गेलो की म्हणायचे, "तू गिलाव्यापुरता ऱ्हा. तुझी ईट बघून गाढव बी वळून बघतं." चार दिवस मी संगमनेरला दूध संघात पॅकिंगच्या कामाला जात होतो. संध्याकाळी यायचो तेव्हा जोतं वीतभर वर आलेलं असायचं, आणि त्यावर ओलं गोणपाट टाकून आई तांब्यानं पाणी मारत असायची. मातीच्या कामाला कुणी पाणी मारत नाही. गवंड्याच्या पोरानं हे विचारायला हवं होतं. मी विचारलं नाही. मला वाटलं, धूळ बसावी म्हणून असेल.

गुरुवारी सकाळी मार्तंड भाऊसाहेब आला. टेप काढला, जोत्याला लावला. त्यानं "लांबी दहा" लिहिलं आणि रस्त्यावर जीप थांबली. रस्तेवाल्यांचा ओव्हरसियर, एक दिवस आधी. मागं ट्रॅक्टर, साखळी आणि पहार घेतलेले दोन मजूर.

आईनं दादांकडे पाहिलं. दादा खोकायला लागले. अगदी वेळेवर लागले, पण तो खोकला खोटा नव्हता.

ओव्हरसियरनं आपला कागद वाचला. "इथं एक टपरी, चाकांची, अशी नोंद आहे. हे काय आहे?"

"घर आहे," भाऊसाहेब म्हणाला. "मी नोंद करतोय."

"करताय? म्हणजे अजून केलेली नाही."

तेवढ्यात काकासाहेब आले. त्यांच्या तिन्ही टपऱ्या ट्रॅक्टरनं सकाळीच ओढून पंचायतीच्या आवारात नेल्या होत्या, खेळण्याच्या चाकांसकट. माणूस चिडणारच.

"साहेब, ते जोतं खोटं हाय," ते म्हणाले. "आत चाकं हायेत. मातीत ईट लावलीय, समद्या गावाला म्हाईत हाय. मला न्याय येक आन् याला येक का?"

समद्या गावाला माहीत होतं, कारण आमच्या घरात कुजबुज करायलाही बाहेर यावं लागायचं.

"लाथ घाला," काकासाहेब म्हणाले. "पडंल."

मी भाऊसाहेबाकडे पाहिलं. त्याच्या हातात पेन होतं आणि ते कागदाला टेकलेलं होतं. आई दाराच्या चौकटीला धरून उभी होती. पडलं असतं तर वस्तू ठरलो असतो, आणि ट्रॅक्टर चालूच होता.

ओव्हरसियरनं लाथ घातली.

काहीच झालं नाही. त्यानं जरा मागं जाऊन दुसरी घातली. मग तो जीपच्या बॉनेटला धरून एका पायावर उभा राहिला आणि बराच वेळ लांब डोंगराकडे बघत राहिला. मजुराला म्हणाला, "पहार मार." मजुरानं पहार मारली. ठण्ण वाजलं. चुन्याचा टवका उडाला, त्याच्या आत राखाडी रेघ दिसली. सिमेंट. वीट जागची हलली नाही.

मी दादांकडे वळलो. "दादा, मातीत लावणार होता ना?"

दादा डब्यावर बसले होते. शरमेनं खाली बघत होते, पोरानं चोरी करताना पकडल्यासारखे.

"पयला थर मातीतच लावला हुता," ते म्हणाले. "रातच्याला झोपच येईना. कच्चं काम माझ्या हातनं कधी झालं न्हाई. सकाळी उठून काढला. राधाकृष्णाकडनं सिमिट आनलं. चार घमेली वाळूला एक सिमिटाचं, चारास एक."

"आणि रस्तेवाले आधी आले असते तर?" भाऊसाहेबानं विचारलं.

"मग मेलो असतो, भाऊसाहेब. पन जोतं ऱ्हायलं असतं."

मार्तंड भाऊसाहेबानं वहीत लिहिलं, "पक्कं जोतं", आणि ओव्हरसियरला दाखवलं. "तुमच्याच पायानं तपासलंय," तो म्हणाला. घर नंबर चारशे बारा. नाव आईचं घालायला दादांनीच सांगितलं. काकासाहेब जाताना जोत्याला एकदा हात लावून गेले, म्हशीला लावतात तसा.

नंबरचा पत्रा जूनमध्ये मिळाला. दादांनी तो बसून बसून ठोकला, ओळंबा लावून. जुलैमध्ये ते गेले.

आमचं दार दोन फुटांचं, आणि ते आत उघडायचं. त्यातून माणूस वाकून बाहेर येतो, पण चार खांद्यांवर निघत नाही. विहारातून माणसं आली होती, त्रिसरण म्हणून झालं होतं, आणि सगळे दाराकडे बघत उभे होते. तेव्हा आईनं फळीवरचा डबा काढला आणि फडक्यात गुंडाळलेला पाना माझ्या हातात दिला.

"मावळतीची भिंत," ती म्हणाली. "सोळा बोल्ट हायेत."

बाकी तीन भिंती रिबिटांनी ठोकलेल्या होत्या. ही एकच नट-बोल्टची का, असं मी पूर्वी विचारलं होतं तर दादा म्हणाले होते, हवेसाठी. सोळाही बोल्टांना ग्रीस लावलेलं होतं. एकही अडकला नाही. भिंत आडवी ठेवली आणि दादा सरळ, न वाकता, बाहेर निघाले.

दिवाळीआधी गायरानातली जागा ताब्यात मिळाली. चाकं जोत्यात पक्की बसली होती, दादांनी आत दगडांची भर घातली होती. शेवटी गॅस कटरनं आस कापले आणि बारा जणांनी घर उचलून ट्रॉलीत ठेवलं. जोतं तिथंच राहिलं. ते फोडायला रस्तेवाल्यांना दोन दिवस लागले. काकासाहेब दोन्ही दिवस स्टूल टाकून बघत बसले होते. "काय घातलंय जालिंदरनं यात?" असं मला विचारत होते.

गायरानात भाऊसाहेब येऊन गेला. "नंबर तोच राहील," म्हणाला, "पण वहीत पक्कं जोतं लिहिलंय. इथंही लागेल. सावकाश कर, घाई नाही."

मी सुट्टीच्या दिवशी बसलो. विटा होत्या, सिमेंट संपत आलं होतं, मातीला मात्र तोटा नव्हता. एक बाजू मातीत रचली आणि वरून चुना मारला. लांबून बघितलं तर चांगलं दिसत होतं. मला त्याचा थोडा अभिमानही वाटला.

आई बाहेर आली. तिनं लुगड्याचा काष्टा आवळला आणि लाथ घातली. सहा विटा पडल्या.

"आई, इथं आता कोन बघाय येतंय?"

ती आत गेली, दादांची, थर सरळ धरायची सुताची दोरी घेऊन आली. एक टोक माझ्या हातात दिलं आणि दुसरं धरून, दादा बसायचे त्या डब्यावर, समोरच्या कोपऱ्यात जाऊन बसली.

"चारास एक," ती म्हणाली. "वड दोरी."