काचेच्या आत ढब्बू

ऐन उन्हाळ्यात तंबूत राहायला जायची कल्पना माझ्या नवऱ्याची. मी लहान मुलांच्या वॉर्डात नर्स आहे. मला सलग तीन दिवस सुट्टी मिळणं म्हणजे लॉटरी लागणं, आणि ते तीन दिवस मला पंख्याखाली आडवं पडून काढायचे होते. पण त्याने आधी मुलांना सांगून टाकलं आणि मग मला विचारलं. आता विचारण्यात काय अर्थ उरला होता?

नवरा लिफ्ट दुरुस्त करतो. लिफ्ट मध्येच अडकली आणि आतली माणसं आरडाओरडा करायला लागली की याला फोन येतो. बाहेरून शांतपणे बोलत राहायचं आणि हात चालवायचे, हेच त्याचं काम. घरीही तसंच. दहा वर्षांच्या संसारात मी सगळ्यात जास्त ऐकलेले शब्द म्हणजे "होईल गं". गाडीचा एसी बंद पडलाय, दाखवून आण, म्हणून मी दोन आठवडे त्याच्या मागे लागले होते. होईल गं. झालं काहीच नाही.

रस्ता पाच तासांचा. खिडक्या उघड्या ठेवल्या तर हवा इस्त्रीतून आल्यासारखी अंगावर यायची, बंद केल्या तर श्वास कोंडायचा. माऊ सात वर्षांची. तिने पहिल्या तासातच नऊ वेळा "अजून किती?" विचारलं. दहाव्या वेळी मी म्हणाले, "पोचलो की कळेल."

"पण मी झोपलेली असले तर?"

"मग उठवू."

"आणि तुम्ही पण झोपला असाल तर?"

ढब्बू साडेतीन वर्षांचा. त्याने त्या उन्हात गमबूट घालायचा हट्ट धरला होता, आणि निघताना भांडायची माझ्यात ताकद नव्हती. पेट्रोल पंपावर बूट काढले तेव्हा मोजे पिळले असते तर पेलाभर घाम निघाला असता. मग तो बूट परत घालेपर्यंत रडला, आणि घातल्यावर गरम होतंय म्हणून रडला. गप्प बसवायला मी त्याला कलिंगडाची फोड दिली. ती चूक माझीच. सीट, पट्टा, माऊचे केस, सगळं चिकट झालं.

"मजा येतेय ना?" नवऱ्याने आरशातून विचारलं. मी उत्तर दिलं असतं तर गाडी तिथेच थांबवावी लागली असती.

तळ्याकाठच्या कॅम्पवर पोचलो तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. आमच्या वाट्याला आलेल्या जागेवर एकच झाड होतं, आणि त्याची सावली शेजारच्या जागेत पडत होती. कलिंगडाच्या वासाने गांधीलमाश्या घोंगावायला लागल्या, म्हणून नवऱ्याने गाडीच्या काचा वर घेतल्या आणि आम्ही सामान उतरवायला लागलो. मी तंबूची पिशवी जमिनीवर रिकामी केली. खुंट्या, हातोडी, दोऱ्या निघाल्या. जमीन तव्यासारखी तापली होती आणि मी मनातल्या मनात, काय काय बोलायचं राहिलंय त्याची उजळणी करत होते.

तेवढ्यात ढब्बू आपला खेळण्यातला जेसीबी आणायला पुन्हा गाडीत चढला. मागून माऊने दार लोटलं. माश्या आत जातील म्हणून. तिने बरोबरच केलं होतं. आणि किल्ली मागच्या सीटवर होती, कारण नवऱ्याने सामान काढताना ती तिथे ठेवली होती.

खट्ट असा आवाज झाला. चारही दारं लागली.

मी वळून पाहिलं. ढब्बू किल्लीवरचं बटण दाबून खूश झाला होता. मग किल्ली त्याच्या चिकट हातातून निसटली आणि दोन सीटांच्या फटीत गेली.

"दुसरी किल्ली?" मी विचारलं.

"घरी," नवरा म्हणाला.

बंद गाडीत मूल किती वेळात तापतं, हे मला कोणी सांगायला नको होतं. अशी मुलं मी वॉर्डात पाहिली आहेत. मागच्या दारांना चाइल्ड लॉक, आणि त्यांच्या लॉकची बटणं इतकी घट्ट की वर ओढायला मोठ्या माणसाचा जोर लागायचा. ढब्बू आतून हँडल ओढत होता आणि दार उघडत नव्हतं. मग त्याचं तोंड वाकडं झालं.

नवरा काचेला तोंड लावून खाली बसला. "ढब्बूशेठ, इकडे बघ. आपण आता जेसीबी चालवायचाय. पुढच्या सीटवर ये. मधून ये, शाब्बास. एक पाय टाक."

"आई!" ढब्बू किंचाळला.

"आई इथेच आहे. आता दुसरा पाय."

अगदी थंड आवाज. जणू चहा टाक म्हणतोय. ढब्बूचा गमबूट सीटांमध्ये अडकला. तो पाय ओढायचा आणि रडायचा. शेवटी बूट मागेच राहिला आणि तो पुढे आला. मग त्याने हॉर्न दाबला. मग वायपर सुरू करायचा दांडा ओढला.

"ते नाही राजा. दारावरचं काळं बटण. वर ओढ. वर."

ढब्बूने ओढलं नाही. तो लालबुंद झाला होता, केस कपाळाला चिकटले होते, आणि आता तो रडायचा थांबला होता. वॉर्डात आम्ही आधी धावतो ते रडायच्या थांबलेल्या मुलाकडे.

"होईल गं," नवरा मला म्हणाला. "अर्धं मिनिट."

मी तंबूची हातोडी उचलली, ढब्बूपासून सगळ्यात लांबच्या मागच्या खिडकीपाशी गेले आणि काचेच्या कोपऱ्यावर घातली. पहिल्या घावाला काही झालं नाही. दुसऱ्याला सगळी काच साखरेसारखी ढासळली. हात आत घालून मी त्या दाराचा लॉक वर ओढला, बाहेरून दार उघडलं आणि पुढे वाकून ढब्बूला उचललं. माझ्या कोपरातून रक्त येत होतं, ते मला नंतर दिसलं.

"माऊ, पाणी! त्याच्या अंगावर ओत, डोक्यावर, मानेवर!"

माऊ पाण्याचा मोठा कॅन ओढत घेऊन आली. ढब्बू माझ्या मांडीवर भिजत राहिला, दोन घोट प्यायला, आणि दहाएक मिनिटांनी डोळे मोठे करून म्हणाला, "आई, तू गाडी फोडलीस." त्याच्या आवाजात फक्त कौतुक होतं. नाडी पाहिली, डोळे पाहिले. ठीक होता.

मग मी नवऱ्याकडे वळले. दिवसभराचं सगळं बोलले. एसी, किल्ली, मला न विचारता ठरवलेली सहल, आणि ते "होईल गं". "अर्धं मिनिट तुझ्याकडे होतं. माझ्याकडे नव्हतं!"

तो गाडीला टेकून खाली बसला होता. त्याने दोन्ही हात माझ्यासमोर धरले. पंजे लटलट कापत होते.

"लिफ्टमधल्या माणसांना मी दिसत नाही," तो म्हणाला. "नुसता आवाज ऐकू येतो. तेवढाच नीट ठेवायची सवय झालीय. हातोडी मला सुचलीच नाही. तू नसतीस तर मी बोलतच बसलो असतो."

दहा वर्षांत मी त्याचे हात असे कधी पाहिले नव्हते. माझा राग गेला असं नाही. पण मी त्याच्या शेजारी बसले. त्याने रुमालाने माझं कोपर बांधलं, आणि तेही धड बांधता येईना, म्हणून शेवटची गाठ मीच मारली.

तेवढ्यात मागून गुडगुड आवाज आला. माऊ वीस लिटरचा कॅन उलटा धरून शेवटचे थेंब ढब्बूच्या डोक्यावर झटकत होती. तीन दिवसांचं पिण्याचं पाणी जमिनीत मुरलं होतं. ढब्बू चिखलात बसून जेसीबी चालवत होता.

"माऊ! सगळं?"

"तूच म्हणालीस ओत," ती रडवेली झाली. "थांब कुठे म्हणालीस?"

खरंच म्हणाले नव्हते. मला हसू आलं, आणि हसतानाच डोळे भरून आले. नवऱ्याने कॅन उचलला. कॅम्पच्या ऑफिसपाशी नळ होता, अर्धा किलोमीटर तरी लांब, सगळा रस्ता उन्हाचा, आणि गाडीच्या सीटांवर काचांचा सडा.

"मी आणतो," तो म्हणाला.

"सगळेच जाऊ," मी म्हणाले. "कोणालाही इथे सोडायचं नाही."

मी ढब्बूला कडेवर घेतलं, माऊने बाबाचं बोट धरलं आणि आम्ही निघालो. वीस पावलं झाली नसतील तोच माऊने विचारलं, "अजून किती?"