गेलेल्यांची भांडी

"काठाला लागलं पाहिजे गो पाणी. बोटभर खाली ठेवायचं तर मग भरायचंच कशाला?"

मी कळशी पुन्हा तिरकी केली. पाणी हंड्याच्या काठावर फुगून थांबलं, सांडलं नाही. आई वाकून बघत होती. पुढच्या तांब्याकडे बोट दाखवून म्हणाली, "त्यात पण."

मार्चातला रविवार होता. नेहमीप्रमाणे मी शुक्रवारी दिवे लागायच्या आत पेणहून आले होते आणि संध्याकाळच्या एस.टी.ने परत जाणार होते. पेणला कॉलेजचं ग्रंथालय माझ्याकडे आहे. आठवडाभर पुस्तकं द्यायची-घ्यायची आणि सुट्टीला रोह्याजवळच्या आमच्या गावी, अष्टमीला, येऊन रविवारी विहिरीचं पाणी ओढायचं, असं माझं चाललं होतं. उन्हाळ्यात भांड्यांतलं पाणी लवकर आटतं. इतर दिवशी आई स्वतः ओढायची. मी आले की कळशी माझ्या हातात.

आमच्या घरामागे घाण्याची पडवी आहे. आजोबांपर्यंत तिथे तेल निघत होतं. आम्ही ज्यू, शनिवारी घाणा बंद, म्हणून गावाने आम्हाला नाव ठेवलं, शनवार तेली. घाणा कधीच मोडीत गेला. बैल फिरून फिरून जमिनीत पडलेला गोल चर मात्र राहिला, तेल पिऊन काळाकुळकुळीत झालेला. त्या चरावर आईने भांडी मांडली होती. रोह्याच्या आसपासच्या गावांतून आमचे लोक इस्रायलला गेले, तेव्हा कपडे आणि प्रार्थनेची पुस्तकं तेवढी घेतली. भांडी आईकडे ठेवली. "रूथबाई, असूं द्या तुमच्याकडे, पुढेमागे नेऊ." कोणी आलं नाही. हंडे, कळश्या, तांबे, घंगाळं. प्रत्येकावर टोचून घातलेलं नाव. आईने ती सगळी काठोकाठ भरली आणि छपराचं एक कौल काढलं. बस, एवढंच. दुपारी उन्हाचा कवडसा एका भांड्यातून दुसऱ्यात सरकत जायचा आणि भिंतीवर पाण्याचा उजेड हलायचा. चरावरून बैल चालावा तसा.

आई शाळेत चित्रकला शिकवायची. निवृत्त झाल्यावर ती हेच करत होती. जागा बघायची आणि त्या जागेत काहीतरी मांडायची. गावात याला शब्द नव्हता. 'बाईंचं मांडलेलं' म्हणायचे. पेणला गणपती संपले की कारखाने ओस पडतात. एका वर्षी तिथल्या गल्लीत तिने गणपतींचे रिकामे साचे रस्त्याकडे तोंड करून उभे केले होते. मुंबईच्या एका गॅलरीने एकदा बोलावलं, तर तिने मिठागरासारखे वाफे आखून फरशीवर मीठ पसरलं. पावसाळा होता, मिठाला पाणी सुटलं, संगमरवर डागाळला. गॅलरीवाले चिडले. आई खूश होती. म्हणाली, "मीठ आहे. ते मिठासारखंच वागणार."

भांड्यांबद्दल मात्र लोक आवडीने थट्टा करायचे. धाटावच्या कारखान्यांतली शिफ्ट सुटलेली माणसं पडवीत डोकवायची. "बाई, दुकान कधी उघडताय?" आई म्हणायची, "गिऱ्हाईक परदेशी गेलंय रे. आलं की उघडते."

मी शेवटचा पेला भरला. छोटा, पितळेचा. त्यावर 'एलियाह' लिहिलं आहे. आम्ही दोघं भावंडं जन्मलो तेव्हा बाबांनी रोह्याच्या बाजारात पेल्यांवर आमची नावं घालून घेतली होती. माझा भाऊ इस्रायलला, अश्दोदला गेला, त्या वर्षी आईने त्याचा पेला स्वयंपाकघरातून उचलून चरावर आणून ठेवला. दर रविवारी मी तो भरत होते.

दुपारी त्याचाच फोन आला. आई मोठ्याने बोलत होती, इस्रायल लांब आहे म्हणून. मग हसली. "छे रे, शीरा कसली येते? तिला हवंय कुठे जायला? तिला इथंच आवडतं." रिसीव्हर माझ्यासमोर धरून म्हणाली, "व्हय ना गो?"

मी पाणी पीत होते, माझ्या पेल्यातून. तिने उत्तराची वाट बघितलीही नाही.

संध्याकाळी पुलावरून स्टँडकडे निघाले तेव्हा ती दारातून ओरडली, "पोह्याचे पापड आण येताना. मागच्या वेळचे वातड होते."

दुसऱ्या दिवशी मी पुस्तकांना शिक्के मारत होते, तेव्हा कॉलेजच्या ऑफिसात फोन आला. शेजारची मालू होती. आई पडवीत पडली होती, हातात कळशी. डॉक्टर येईपर्यंत संपलं होतं.

मी पोचले तेव्हा आईला घरात आणून ठेवलं होतं. मी आधी तिच्याकडे गेले आणि मग, का ते माहीत नाही, पडवीत गेले. सगळी भांडी उपडी होती. एकूण एक. पाणी पडवीभर झालं होतं, तेलकट जमिनीवर त्याचे गोळे होऊन राहिले होते.

"हे कुणी केलं?"

"मी," मालू म्हणाली. ती दारात उभी होती, लुगडं गुडघ्यापर्यंत भिजलेलं.

"का?"

"का म्हंजे? मयत झालं तिथलं भरलेलं पाणी ठेवतात व्हय? तुमच्यात ओतून टाकतात ना. तुझा बाप गेला तवा तुझ्या आजीनं माझ्याकडनंच ओतवून घेतलं व्हतं." तिने पदराने तोंड पुसलं. "आता तुमच्यातलं हाय कोण गो, ओतायला?"

मी तिच्यावर ओरडले. ते आईचं काम होतं, इतक्या वर्षांचं, घरातलं पाणी नव्हतं ते, तुला समजत कसं नाही. मालूने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "पाणीच व्हतं," आणि चहा करायला गेली.

मला आणखीच राग आला. कारण रीत बरोबर होती. मी वाचलेल्या पुस्तकांतही तेच लिहिलं आहे.

आमच्यात मयताच्या प्रार्थनेला दहा पुरुष लागतात. पेणहून, अलिबागहून माणसं गोळा करावी लागली. एलियाहला रजा मिळाली नाही. रीतीप्रमाणे सात दिवस मी जमिनीवर बसले, आणि तो रोज फोन करून रडला. मी रडले नाही. मला समजावायला येणारे म्हणायचे, बाईंनी गाव सोडलं नाही हो, सगळे गेले तरी त्या राहिल्या. मी मान हलवायची. त्या राहिल्या. बरोबर. त्या एकट्याच राहिल्या असाव्यात, असं ते बोलत होते.

सात दिवस उलटले आणि सुशील आला. सुशील त्या मुंबईच्या गॅलरीचा. थंडीत एकदा येऊन त्याने पडवीचे फोटो काढले होते आणि हे सगळं मुंबईला नेऊया म्हणून आईच्या मागे लागला होता. आईने त्याला आंबोळ्या खायला घातल्या आणि सांगितलं, "बघायचं तर इकडे या. कोलाडला उतरलात तर रिक्षा मिळते. इथून उचललं की ही नुसती भांडी."

या वेळी त्याने टेम्पो आणला होता. मागे पेंढा आणि गोणपाट.

"शीराताई, काय बोलू? रूथताई म्हणजे..." मग तो आवाज बदलून म्हणाला, "एलियाहसरांशी माझं फोनवर बोलणं झालंय. त्यांनी होकार दिलाय. त्यांना वाटतं आईचं काम जगासमोर यावं."

"त्यांना वाटतं का?"

"हो. फार भावुक झाले होते."

मी त्याला पडवीत नेलं. मालू मागोमाग आली. उपडी भांडी बघून सुशील उंबऱ्यातच उभा राहिला. आता हा निराश होऊन परत जाईल, असं मला वाटलं. तो हळूच म्हणाला, "बाप रे. हे तर आधीपेक्षा जबरदस्त आहे."

"काय?"

"सगळी उपडी! ताई, हे शेवटचं स्टेटमेंट आहे. आयुष्यभर भरलेलं त्यांनी शेवटी..."

"त्यांनी नाही. मालूने ओतलं."

"कोण मालू?"

"ही."

सुशीलने मालूला नमस्कार केला. मग माझ्याकडे वळून आवाज खाली आणला. "ते कॅटलॉगमध्ये आपण असं नको लिहायला. लोकांना गोंधळ होतो. काम कलाकाराचंच असतं." तो चरावरून चालत गेला. "फरशी आम्ही काळी करून घेऊ, तेल ओतून. छपरातून एक दिवा सोडू, हळूहळू फिरणारा. आणि... कसं विचारू? त्या नेमक्या कुठे पडल्या? तेवढी जागा मोकळी ठेवायची माझ्या डोक्यात आहे."

मालूला सगळं समजलं नव्हतं, पण एवढं समजलं. ती म्हणाली, "याची आय जिवंत हाय का गो?"

"माहीत नाही."

"इचार त्याला. असली तर ती कुठं पडंल तेही इचारून ठेव म्हणावं."

सुशीलचा चेहरा पडला. "मावशी, तुमचा गैरसमज होतोय. मला त्यांच्याबद्दल आदर आहे."

"आदर असेल," मी म्हणाले. "तुम्ही इथे उभे आहात ना, इथे बैल फिरायचा. त्याच्या डोळ्याला झापड असायची. तो दिवसभर चालायचा आणि इथेच असायचा. हे तुम्ही तेल ओतून करणार?"

"मग काय, हे असंच सडू द्यायचं? ताई, रागावू नका, पण इथे कोण बघणार आहे? रूथताईंचं नाव राहायला नको?"

"भांड्यांवर नावं आहेत. वाचा. तिचं एकावरही नाही."

"पण एलियाहसरांनी..."

मी वाकले आणि चरावरून पितळेचा छोटा पेला उचलला. त्याच्या हातात दिला. "हा त्याचा. यावर त्याचं नाव आहे. याची परवानगी तो देऊ शकतो. हा घेऊन जा, फिरता दिवा लावा याच्यावर."

सुशील पेल्याकडे बघत राहिला. मी चेष्टा करते आहे की काय, याचा त्याला अंदाज येईना. मी चेष्टा करत नव्हते. शेवटी तो बाहेर गेला, टेम्पोवाल्याशी हळू आवाजात काही बोलला. टेम्पो पुलाच्या दिशेने गेला. पेला त्याने नेला. पेंढ्याच्या काड्या अंगणात सांडल्या होत्या, त्या मालूने पायाने बाजूला केल्या.

"परत भरू या का?" तिने विचारलं. "आता सात दिस झाले. आता चालतं."

तिने घरातून माझा पेला आणला होता, मला पाणी प्यायला. मी तो घेतला नाही. "हा इथे कधी ठेवला नाही तिने," मी म्हणाले.

"तुझा कशाला ठेवंल? तू येतेस ना. जे गेले त्यांचं ठेवलंन ना तिनं."

मालूने हे मायेने सांगितलं. तिच्या मते हा मान होता. कदाचित आईच्या मतेही असेल. मी त्या चराकडे बघत होते. किती रविवार मी ओढलेलं पाणी त्या हंड्यांत गेलं होतं, काठापर्यंत, बोटभर खाली नाही. ज्यांनी एक पत्र पाठवलं नाही त्यांच्या नावांवरची धूळ मी पुसली होती. आणि फोनवर तिने माझ्या वतीने हसून उत्तर दिलं होतं.

कौल काढलेल्या जागेतून ऊन आलं होतं. ते एका उपड्या घंगाळाच्या बुडावर पडलं आणि तिथेच राहिलं. भिंतीवर काही हललं नाही.

"भरायची नाहीत," मी म्हणाले.

"बरं, नको तर नको."

"मालू, तू जरा इथेच थांब. कोणीतरी ऐकायला पाहिजे."

ती दाराला टेकून उभी राहिली. आई जिथे पडली होती त्या जागेकडे मी तोंड केलं. मला ती जागा माहीत होती. मालूने पहिल्याच दिवशी दाखवली होती. माझा आवाज मला अपेक्षित होता त्याहून मोठा निघाला.

"मलाही जायचं होतं, आई. एलियाहच्या आधीपासून जायचं होतं. मला हे गाव आवडत नाही, मला पेण आवडत नाही, मला हे पाणी ओढणं कधीच आवडलं नाही. मी तुझ्यासाठी राहिले. तू एकदाही विचारलं नाहीस."