कडेची शेगडी

“थांबा, सळई ठेवू नका अजून,” तो म्हणाला. “आधी एक विचारायचंय.”

शेगडीवाल्याचा हात होता तिथेच थांबला. दुपारचा एक वाजला होता, बाजार नुसता ओसंडत होता आणि मागे उभ्या असलेल्या सहा-सात भुकेल्या माणसांना कुणाच्या विचारपुशीत काडीचाही रस नव्हता. शेगडीवाल्यापुढे दोन शेगड्या होत्या. एक लांबलचक, तिच्यावर एका वेळी वीस सळया मावत. दुसरी अगदी कडेला, जुनी, बुटकी. तिच्यावर जेमतेम चार. याची कलेजी नेहमी त्या कडेच्या शेगडीवरच भाजली जायची. एकोणीस वर्षं. तिच्यावर वेळ लागतो म्हणून त्याने कैकदा कुरकुर केली होती आणि शेगडीवाल्याने दर वेळी एकच उत्तर दिलं होतं, “तुमचं तिकडेच.”

“विचारा की,” शेगडीवाला म्हणाला.

याने मागच्या माणसांकडे एकदा पाहून घेतलं. एकोणीस वर्षं ज्याच्या हातचं मुकाट खाल्लं, त्याला आज काय तोंडाने विचारायचं, की बाबा रे, हे हलाल आहे का?

त्याच्या आईला विचारायची लाज कधी वाटली नाही. ती घरी बसून काज-बटणाचं काम करायची, चार बायकांत मोठ्याने बोलायची नाही, पण बाजारात काही खायचं म्हटलं की तिचे तीन प्रश्न ठरलेले. कापलं कोणी? नाव घेऊन कापलं का? दुसऱ्या कशाला लागलं तर नाही ना? आणि याच क्रमाने. दुकानावर हलालची पाटी असली तरी तिची सुटका नसे. “पाटीला काय, रंग आणि ब्रश लागतो,” म्हणायची. दुकानदार वैतागायचे, मागचे लोक चुळबुळायचे आणि हा लहानपणी तिच्या ओढणीआड तोंड लपवून उभा राहायचा. अब्बा हयात होते तेव्हा हसत म्हणायचे, “तुमची अम्मी जन्नतच्या दारातही अडून बसणार. आधी सांगा, आत जेवायला काय आहे आणि ते कापलं कोणी!”

चष्म्याच्या दुकानात तो कामाला लागला, त्याच दिवशी तिने बजावलं होतं, बाहेर खाशील तर विचारून खा. संध्याकाळी घरी आल्यावर तिने विचारलं, “विचारलंस?” तो म्हणाला, “विचारलं.” विचारलं नव्हतं. सुट्टी अर्ध्या तासाची, भिंगं घासून बोटं बधिर झालेली, पोटात कावळे ओरडतायत. चौकशी करत कोण बसणार? एकदा खोटं बोलून गेलं की दुसऱ्यांदा जड जात नाही. पुढे पुढे तर चपला काढता काढता, तिने तोंड उघडायच्या आत, तो स्वतःच “विचारलं गं” म्हणून मोकळा व्हायचा.

आता चार दिवस तिच्या पोटात अन्नाचा कण नव्हता. डॉक्टरांनी त्याच्या थोरल्या बहिणीला, आपाला, बाजूला घेऊन सांगितलं होतं, आता पथ्यपाणी राहू द्या, मागतील ते द्या. त्या वाक्याचा अर्थ न कळण्याइतकं घरात कुणी लहान नव्हतं. आणि आज सकाळी ती आपण होऊन बोलली. कलेजी खावीशी वाटतेय. आपा लगबगीने उठली, म्हणाली, आत्ता करते.

“तुझी नको गं. हा रोज खातो ना, तिथली.”

त्याने आजवर स्वतः खाल्लं ते त्याचं तो आणि त्याचा अल्ला बघून घेतील. पण जिने आयुष्यभर एक घास न विचारता तोंडात घातला नाही, तिच्या तोंडात शेवटी शेवटी आपल्या हाताने नको ते जायचं? ते त्याच्याने होणार नव्हतं. आणि तिला नाही म्हणणंही होणार नव्हतं.

“अहो, विचारताय ना?” शेगडीवाला म्हणाला.

“ही कलेजी...” त्याने आवाज खाली आणला. “हलाल आहे ना?”

शेगडीवाल्याने त्याच्याकडे टक लावून पाहिलं. मग सळई खाली ठेवली आणि फडक्याला हात पुसत बसला. उगाच, बराच वेळ.

“मला नका विचारू,” तो म्हणाला. “मागच्या दाराशी शेवटचा गाळा आहे, पांढऱ्या दाढीचे खाटीक बसतात. त्यांना विचारा.”

“का? तुम्हाला सांगता येत नाही?”

“माझ्या तोंडून नको. मी शब्द दिलाय.”

आणि तो लांब शेगडीकडे वळला. हा तसाच गर्दीत शिरला. कुठेतरी पाणी मुरत होतं. हो म्हणायला दोन अक्षरंही लागत नाहीत, आणि हलाल असेल तर माणूस शब्दाच्या गोष्टी कशाला करेल? भांड्यांचे ढीग, दोरखंडाची दुकानं, ओल्या फरशीवर सांडलेला बर्फ, सगळं ओलांडत तो चालला होता, आणि रिकाम्या डब्याचं झाकण त्याच्या हातात खुळखुळत होतं. घरी ती दाराकडे डोळे लावून असेल. नको ते निघालं, तर काय तोंड घेऊन परत जायचं?

खाटीक सुरीला धार लावत होता.

“चाचा, त्या कलेजीच्या शेगडीवाल्याला माल तुम्ही देता?”

“थोडा देतो.”

कसं विचारतात ते त्याला कुठे माहीत होतं? त्याने आयुष्यात एकाच माणसाला विचारताना ऐकलं होतं.

“कापतं कोण?”

“मी.”

“नाव घेऊन?”

“घेऊन.” म्हाताऱ्याचा हात थांबला.

“आणि दुसऱ्या कशाला लागत तर नाही ना?”

म्हाताऱ्याने सुरी बाजूला ठेवली. “चष्म्याच्या दुकानातला ना तू?”

त्याने मान हलवली.

“म्हटलंच. हे तीन प्रश्न, एकापाठोपाठ एक, अख्ख्या बाजारात एकच बाई विचारते.” तो हसला. “तू कामाला लागलास त्याच महिन्यातली गोष्ट. शेगडीवाला तेव्हा गाडीवरून येईल तो माल घ्यायचा. तुझ्या आईने त्याला हेच विचारलं. उत्तरं पटेनात, तेव्हा भर धंद्यात त्याला उठवून इथे आणलं. आजपासून माल इथून घे म्हणाल्या. तो म्हणाला, सगळ्यांसाठी नाही परवडत मावशी. तर म्हणाल्या, माझ्या पोरापुरती तरी घे. तेव्हापासून तुझी कलेजी रोज इथून जाते. आणि भाजायची शेगडी वेगळी. ती तर त्यांनीच घरून उचलून आणली.”

घरची शेगडी. एके दिवशी ती ओट्याखालून दिसेनाशी झाली होती. आपाने विचारलं तर अम्मी म्हणाली होती, मोडली, टाकून दिली.

“मला कधी कुणी बोललं नाही, चाचा.”

“बोलू दिलं तर ना! त्याला कळता कामा नये म्हणाल्या. पोरगा रोज घरी येऊन मला सांगतो, विचारलं म्हणून. सांगू दे. तोंडातून खोटं येतंय ते येऊ दे, पोटात तरी जायला नको.”

त्याने हातातला डबा गाळ्याच्या कट्ट्यावर ठेवला.

“नंतरही दर सोमवारी यायच्या, सगळं ठीक चाललंय ना बघायला. या मागच्या दाराने. पुढून आल्या असत्या तर तुझ्या दुकानावरून यावं लागलं असतं. आता दोन महिने झाले, आल्या नाहीत. मला वाटलं, बसला वाटतं एकदाचा आमच्यावर भरवसा.”

सोमवारी ती काज केलेले कपडे शिंप्याकडे पोचवायला जायची. शिंपी गल्लीच्या टोकाला, आणि तिला यायला दोन तास. गुडघे धरत, भिंतीचा आधार घेत घरात शिरायची म्हणून आपा सांगायची. संध्याकाळी तो चिडायचा, इतका वेळ काय गप्पा मारत बसतेस तिथे? ती म्हणायची, “बसते रे बाबा. माणूस आहे, गप्पा लागतात मला.”

“अम्मीला बरं नाही, चाचा,” तो म्हणाला. “कलेजी खायचीय म्हणते.”

 म्हाताऱ्याने उठून हात धुतले, आतली ताजी कलेजी काढली, बारीक बारीक तुकडे केले. दात नसलेल्या माणसासाठी करतात तसे. कागदात बांधून त्याच्या हातात ठेवली.

“सकाळचीच आहे म्हणावं. मी स्वतः.”

शेगडीवाल्याने त्याला दुरूनच येताना पाहिलं आणि कडेच्या शेगडीत नवे निखारे घातले. शेगडीचा एक पाय मोडलेला होता, तिथे विटेचा तुकडा लावलेला. त्याने तो आज पहिल्यांदा पाहिला. अम्मीने ही एवढी जड वस्तू कुठे कुठे टेकत आणली असेल?

“कळलं?” शेगडीवाल्याने विचारलं.

“कळलं.”

“मावशी बऱ्या आहेत ना?”

“कलेजी मागितलीय तिने,” तो म्हणाला. “सावकाश भाजा. मऊ राहू द्या.”

घरी आपाने अम्मीला उशांच्या आधाराने बसवलं होतं. खिडकीशी शिलाईचं यंत्र झाकून ठेवलेलं, त्याच्यावर बटणांची बरणी. अम्मीच्या नाकावर त्यानेच घासून दिलेल्या जाड भिंगांचा चष्मा होता. आता तो तिच्या चेहऱ्याला फार मोठा दिसत होता. त्याने डबा उघडला. तिने एक तुकडा उचलला, नाकाशी नेला, डोळे मिटले. मग हात थांबला.

“विचारलंस?”

तो नेहमीचा शब्द तोंडाशी आला आणि तिथेच अडकला. तो पलंगापाशी खाली बसला.

“कापलंय मागच्या दाराच्या चाचांनी,” तो म्हणाला. “स्वतः. नाव घेऊन. आणि भाजलंय कडेच्या शेगडीवर. दुसऱ्या कशाला लागलेलं नाही, अम्मी.”

आपा दोघांकडे आळीपाळीने बघत राहिली. अम्मी चष्म्याआडून नुसती त्याच्याकडे बघत होती. रागावलेली नव्हती. तिच्या ओठांच्या कोपऱ्यात थोडं हसू आलं, चोरी पकडल्या गेलेल्या पोरासारखं, जणू खोटं तीच बोलत होती इतकी वर्षं.

तिने तुकडा ओठांना लावला, जिभेवर ठेवला. चावायचा प्रयत्न केला. गळा नुसताच हलला, घास काही उतरला नाही. आपाने पुढे होऊन तिचं तोंड पुसलं. डॉक्टरांनी सांगितलं होतंच, की इच्छा होईल, पण गिळवणार नाही.

त्याला आता डोळ्यांपुढचं दिसेनासं झालं होतं. तिचा हात डब्यात गेला. दुसरा तुकडा तिने चिमटीत धरला, हळूहळू वर आणला, आणि तो आपल्या तोंडाशी आलाय हे त्याला वासावरून कळलं.

“अम्मी, तुझ्यासाठी आणलंय गं.”

“खा,” ती म्हणाली. “मी विचारलंय.”

त्याने तोंड उघडलं.