नंतरची कापणी

नलिनीचे पत्र आले तेव्हा मी सौंसरच्या शाळेत इंग्रजी शिकवत होतो. अठ्ठ्याण्णव साल. बारावी होताच लग्न होऊन ही माझी विद्यार्थिनी लोधीखेड्याला गेली होती. रद्दीत मिळालेल्या एका जुन्या इंग्रजी पुस्तकात तिला ‘लॅटरमॅथ’ हा शब्द अडला होता. ‘सर, तुम्हाला नक्की ठाऊक असेल,’ असे तिने लिहिले होते.

मला ठाऊक नव्हते. शाळेच्या डिक्शनरीत तो शब्द नव्हता. ‘मॅथ’ दिसले म्हणून मी गणिताच्या सरांनाही विचारून आलो. निवृत्तीनंतर नागपुरात एक जाड शब्दकोश घेतला, त्यात अर्थ सापडला. पण आता फार उशीर झाला, असे मीच ठरवून टाकले.

मागच्या आठवड्यात पांढुर्ण्याच्या बसमध्ये तिचा भाऊ गजेंद्र शेजारी येऊन बसला. मी बिचकतच तिची चौकशी केली. बरी आहे, शेत पाहते, म्हणाला. मग सहज बोलून गेला, “वाचनं तिनं तवाच सोडलं, सर. म्हणे, सरांनी जवाब नाही देल्ला, म्हंजे माहाच सवाल येडा असन.”

घरी आलो आणि चार पाने लिहिली. ‘मॅथ’ म्हणजे जुन्या इंग्रजीत कापणी, ‘लॅटर’ म्हणजे नंतरची. एकदा कापल्यावर त्याच मुळांवर पुन्हा वाढलेले गवत. आपण वेचणी संपल्यावरही झाडे न उपटता कापसाची फरदड ठेवतो ना, तसे. शब्द किती जुना, त्याचे भाऊबंद कोणते, तेही लिहिले. मेथी निवडत बसलेल्या वत्सलेला, माझ्या बायकोला, सगळे वाचून दाखवले.

“अजून शिकवूनच राहिले तुमी,” ती म्हणाली. “तुमाले येत नोयतं, हे कुठी लिवलं?”

ते कुठेच नव्हते.

दुसरा कागद घेतला. ‘चि. नलिनी, तुझा प्रश्न वेडा नव्हता. मला उत्तर येत नव्हते आणि तसे सांगायची लाज वाटली. चूक माझी.’ अर्थ खाली दोन ओळींत लिहिला. एवढ्यालाच दुपार गेली.

पोस्टातल्या बाबूने पत्ता वाचला. “लोधीखेडा तं जवळच हाये, गुरुजी. स्पीड पोस्ट करू का? लवकर भेटन.”

सत्तावीस वर्षांनंतर घाई करताना मी ओशाळलो. तरी हो म्हणालो आणि पाकीट खिडकीतून आत सरकवले.