चेलोच्या पोटातली दांडी

मार्गशीर्षातला तिसरा गुरुवार. कलशाला पाच पानं लावून, हळदीकुंकू वाहून जयवंताबाई उठत होत्या, तोच दारात छोटा हत्ती टेम्पो येऊन थांबला आणि त्यातून सून उतरली. तब्बल तीन महिन्यांनी.

"आई, मी बसायला नाही आले," अपेक्षा उंबऱ्याबाहेरूनच म्हणाली. "चेलो न्यायला आलेय. साडेसहाला अकोल्यात कार्यक्रम आहे. ते घरी आहेत?"

"दुकानात गेला. आत तं ये वं माय. गुरुवारची सून दारातून वापस जाते का?"

अपेक्षा आत आली. तिच्या डाव्या भुवईवरची खूण अजून तांबूस होती. नवऱ्याच्या, किशोरच्या हातातल्या कड्याची होती ती. ती खूण पडली तेव्हा जयवंताबाई याच खोलीत, याच देवापुढे जप करत होत्या. माळ पुरी होईस्तोवर उठायचं नाही असा त्यांचा नेम. माळ पुरी झाली तेव्हा सून माहेरी, अंजनगावच्या गाडीत बसून गेलेली होती, आणि फरशीवरचं रक्त त्यांनी स्वतःच पुसलं होतं.

अपेक्षा चेलो वाजवायची. दोन व्हायोलिनवाले, एक व्हायोला वाजवणारी मुलगी आणि ही, अशी चौघं मिळून लहान लहान सभागृहांत कार्यक्रम करायची. अमरावतीत असाच एक कार्यक्रम पाहून तर किशोरने तिला मागणी घातली होती. लग्नानंतर सहा महिने बाळापुरात येईल-जाईल त्याला तो सांगे, "आमच्या घरी माणसाएवढी सारंगी हाय." मग एकदा नागपूरच्या कार्यक्रमाहून परतायला सकाळ झाली. त्या दिवसापासून ती सारंगी त्याच्या डोळ्यात खुपायला लागली. सून गेल्यावरही त्याने ती फोडली मात्र नाही. तो म्हणायचा, "पेटी इथं हाय तवर थे येईनच." आणि ती आलीच. इतके दिवस उसना आणलेला चेलो त्याच्या मालकाने परत मागून घेतला होता.

तिने कोपऱ्यातली चेलोची पेटी आडवी करून उघडली आणि तिचा चेहरा पांढरा पडला. चारही तारा लोंबत होत्या.

खाटेवरून सासरे, खुशालराव, हौसेने म्हणाले, "म्याच ढिल्या केल्या, पोरी. भजन झालं का आमी एकतारीची तार उतरवतो. ताणून ठेवली तं लाकूड वाकते. तुह्या वाद्याची काळजी घेतली म्या."

अपेक्षाने चेलो जरासा हलवला. आत काहीतरी खडखडलं.

"बाबा," ती हळूच म्हणाली, "याच्या पोटात एक दांडी असते. अर्ध्या वितेएवढी. तिला डिंक नाही, खिळा नाही. वरच्या फळीवर तारांचा दाब असतो, त्या दाबाने ती नुसती उभी राहते. दाब गेला की पडते. ती पडली तर याला आवाज नाही. आणि तारा चढवल्या तर ही वरची फळी बसेल, चिरेल."

खुशालरावांचा चेहरा एवढासा झाला. "मंग आता?"

"आता ती उभी करायची. या फटीतून, आत हात न घालता. त्याची वाकडी सळई असते, ती माझ्याजवळ नाही. अणकुचीदार, लांब काहीतरी हवं."

जयवंताबाईंनी आढ्याच्या खोबणीत खोचलेलं दाभण काढलं. कापसाची बारदानं शिवायचं, चांगलं हातभर. "वाकडं किती पायजे?" त्यांनी विचारलं, आणि गॅसवर तापवून पकडीने दोन्हीकडून दोन बाक दिले.

इकडे खुशालरावांना वाटलं, सून आली आहे, पोराला कळवावं, बोलणं होईल, कदाचित जुळेलही. त्यांनी अंगणात जाऊन फोन लावला. भल्या माणसाची भलाई ही अशी असते.

दाभण पाण्यात विझवून जयवंताबाई पुसत होत्या, तोच मोटारसायकलचा आवाज आला आणि किशोर जोडे घालूनच आत शिरला.

"आली का बाईसाहेब? नवऱ्यासाठी नाही, पेटीसाठी?"

"मी वाद करायला नाही आले. मला जाऊ द्या."

"जाय ना! तीन जन वाट पाहून राहिले असतीन तुही!" त्याने तिच्या केसांत हात घातला. ती चेलोपासून दूर, मागे मागे सरकली, म्हणजे मार तिला बसावा, चेलोला नको. तेवढंही किशोरला कळलं आणि त्याचं डोकं आणखी सटकलं. पहिली लाथ पोटात बसली. ती पाटावर कोसळली, कलश कलंडला, तांदूळ आणि पाणी फरशीभर झालं. त्यातूनच तिला फरफटत त्याने चटणीच्या पाट्यापाशी नेलं, तिचं डावं मनगट धरून पंजा दगडावर दाबला आणि वरवंटा उचलला.

"बोटंच ठेवत नाही. मंग पाहतो कशी वाजवते!"

"किशोर!" खुशालराव दारातून ओरडले. पाय मात्र दारातच राहिले.

वरवंटा खाली आला. अपेक्षाने मूठ वळली म्हणून तीन बोटं वाचली, करंगळीचं नख फुटून रक्ताची चिळकांडी पाट्यावर उडाली. किशोरने गुडघ्याने तिची मूठ उघडली आणि वरवंटा पुन्हा उचलला.

जयवंताबाईंच्या हातात दाभण होतं. त्यांनी देवाचं नाव घेतलं नाही, विचारही केला नाही. वाकल्या आणि पोराच्या मांडीत ते खुपसलं. पोत्यात जातं तसंच गेलं. आधी जरा अडलं, मग सुळकन अर्ध्याच्या वर.

वरवंटा त्याच्या हातून गळून फरशीवर आदळला, टाइल फुटली. त्याने वळून पाहिलं. "मा? तू?"

त्यांनी दाभण उपसून काढलं. अपेक्षाने पडल्या पडल्याच दोन्ही पायांनी त्याच्या छातीत अशी लाथ मारली की तो मागच्या कोठीच्या खोलीत उताणा गेला. जयवंताबाईंनी दार ओढलं आणि कडी घातली.

"आई, आत पहार आहे," अपेक्षा म्हणाली.

"मालूम हाय. थे दार तुटेस्तोवर तुही दांडी उभी कर."

दाभणाला लागलेलं पोराचं रक्त त्यांनी पदराने पुसलं आणि ते सुनेच्या हातात दिलं.

अपेक्षाने करंगळीला चिंधी गुंडाळली. चेलो उलटापालटा करत दांडी फटीपाशी आणली, बाहेर काढली, दाभणाच्या टोकावर रोवली. चेलोच्या बुडाशी जमिनीवर टेकवायची एक सळई असते, ती उपसून तिने मागे ठेवली.

"त्या भोकाला डोळा लावा. फटीतून मी मोबाइलचा उजेड पाडते. दांडी सरळ आहे की कलली, तेवढं सांगा."

जयवंताबाई फरशीवर आडव्या झाल्या. आत त्यांना एक लांबलचक, पिवळसर खोली दिसली, रिकामी, स्वच्छ, एखाद्या देवळाच्या गाभाऱ्यासारखी. वरून दाभण उतरलं, त्याच्या टोकाला दांडी.

"देव्हाऱ्याकडे कलली."

"किती?"

"तांदळाएवढी. आता चुलीकडे गेली. थांब, वापस घे. हां…"

धाडकन कोठीच्या दारावर पहार बसली. फरशी हादरली आणि दांडी खडखडत आडवी झाली. आतून किशोर जे तोंडात येईल ते बोलत होता, बायकोला आणि जन्मदात्या आईलाही. असले शब्द त्या माउलीने पोराच्या तोंडून पहिल्यांदा ऐकले. त्या हलल्या नाहीत.

दुसऱ्यांदा दांडी उभी झाली, दुसऱ्यांदा पहार बसली, दुसऱ्यांदा पडली. दाराची एक फळी उभी चिरली. सुनेच्या कपाळाचा घाम चेलोवर टपटपत होता.

"जमिनीवर हाय तवर नाही राहत थे," जयवंताबाई म्हणाल्या. "अवो, ऐकून राहिले का? इकडं या. मांडी घाला त्या गादीवर आन् मांडीवर घ्या हे."

खुशालराव आले. मांडी घालून बसले, चेलो मांडीवर घेतला, दोन्ही हातांनी खालून सावरला. कोठीतून पोरगा ओरडत होता, "बाबा, कडी काढा! रक्त चाललं माहं! बाबा!" म्हाताऱ्याच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. हात मात्र त्यांनी हलू दिले नाहीत.

"चुलीकडे… जराशी… अजून जराशी. बस. उभी हाय! सरळ हाय, पोरी!"

"नक्की?"

"सोळा वर्षं झाली, तुळशीपुढं दिवा लावून राहिलो. वात सरळ हाय का नाही, समजते मले."

अपेक्षाने बुडाची सळई परत बसवली, तारा उचलून धरणारी घोडी ठेवली आणि तारा चढवायला घेतल्या. एक, दुसरी. पहारीचं टोक दारातून आरपार आलं. तिसरी. टोक मागे गेलं आणि तिथे पोराचा एक डोळा दिसला. चौथी. चेलोला पेटीत घालून तिने एका टोकाला धरलं, दुसऱ्या टोकाला जयवंताबाईंनी. चौकात चहाला गेलेला गाडीवाला देवमन बाहेरून धावत आला तेव्हा दार बिजागऱ्यांसकट पडलं.

किशोर लंगडत आला. पँट गुडघ्यापर्यंत लाल. पहार डोक्यावर उचललेली आणि नजर पेटीवर. जयवंताबाईंनी पेटी सोडली आणि हात आडवा केला. हाड मोडलं तो आवाज त्यांनी स्वतः ऐकला, दुखायला नंतर लागलं.

आईला लागलं म्हणून तो थांबेल असं तुम्हाला वाटेल. तो थांबला नाही. त्याने पहार पुन्हा उचलली. तेव्हा खुशालरावांनी मागून त्याच्या कमरेला मिठी मारली. त्या काडीएवढ्या माणसाने आयुष्यात कुणाला अडवलं नव्हतं. पोराने कोपर मारून त्यांचे पुढचे दात पाडले, तरी मिठी सुटली नाही. "घेऊन जाय, जयवंते!" तोंडातल्या रक्तातून ते ओरडले. "जाय!"

पेटी आणि दोघींना चढवून देवमनने गाडी काढली. मागून फेकलेली पहार येऊन गाडीच्या फाळक्यावर आदळली आणि रस्त्यावर घरंगळली.

अकोल्याच्या वाटेवर झेंडूच्या रिकाम्या क्रेटची एक पट्टी आणि देवमनचा गमछा, एवढ्यावर हात बांधला गेला.

"आधी दवाखान्यात जाऊ," अपेक्षा म्हणाली.

"हात मोडला हाय, मेला नाही. साडेसहा वाजले तं मंग कोनासाठी मोडला?"

सभागृह लहान होतं, शंभरेक खुर्च्या. जयवंताबाई पहिल्या रांगेत, कडेच्या खुर्चीवर बसल्या. चौघं अर्धगोल करून बसली. कुणी हात वर केला नाही, कुणी एक-दोन मोजलं नाही. चौघांनी एकदम श्वास घेतला आणि चारही गज एकदम खाली आले. जयवंताबाईंना वाटलं होतं, काहीतरी गोड, झोप लावणारं असेल. हे तसं नव्हतं. गज सपासप चालत होते, व्हायोलिनं एकमेकांवर धावून जात होती, आणि सगळ्यांच्या खालून सुनेचा चेलो गुरगुरत, कळवळत, दात खात उठत होता. गजाचे दोन केस तुटून हवेत उडाले. करंगळीची चिंधी लाल होत गेली, बोट तरी तारेवर पडतच होतं. प्रत्येक वेळी ते पडलं की अपेक्षाचा ओठ किंचित आवळे. शेजारच्या बाईंनी डोळे मिटून मान डोलावली. जयवंताबाईंनी डोळे उघडेच ठेवले. त्यांचा मोडका हात मांडीवर ठणकत होता आणि त्या सुरांत तो ठणका कुठेही वेगळा पडत नव्हता.

मध्यंतरात फोन वाजला. त्या बाहेर व्हरांड्यात गेल्या.

"जयवंते," खुशालरावांचा आवाज दातांवाचून फसफसत होता, "किशोरले दवाखान्यात आनलं. डॉक्टर इचारून राहिला, कसं लागलं. दुकानात पोती शिवता शिवता लागलं, असं सांगतो. मी घसरून पडलो म्हनतो. घरातली गोष्ट घरात राहते."

आत खुर्च्या सरकत होत्या, चौघं आपापली वाद्यं जुळवत होती.

"नाही," जयवंताबाई म्हणाल्या. आवाज नेहमीसारखाच हळू होता. "मायनं खुपसलं म्हना. काहून खुपसलं, थेही सांगा. तुमचे दात कोनं पाडले, माहा हात कोनं मोडला, सारं लिवून द्या. तीन महिन्यामांगचंही लिवा. तवा म्या पाहून चूप बसलो, थेही."

"पोलीस येतीन मंग. तुह्यावरही येतीन."

"येऊ द्या. पोरगा होय माहा, त्याले लागलं तं मलेही लागलंच हाय. पन खोटं लिवू नका. इथला पत्ता द्या त्याइले. अजून अर्धा कार्यक्रम व्हाचा हाय, मांगच्या खुर्चीवर बसा म्हना चूप."

फोन बंद करून त्या आत आल्या. चौघांनी गज उचललेले होते. सुनेने रांगेतल्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं आणि त्या बसेपर्यंत श्वास रोखून धरला, तिच्याबरोबर बाकीच्या तिघांनीही.